जुना फोटो, जुनं नाव

जुन्या मुंबईचे फोटो आजच्या नावांनी शोधले, तर फार थोडे हाती लागतात. दादाभाई नौरोजी रोडऐवजी ‘हॉर्नबी रोड’, महात्मा गांधी रोडऐवजी ‘एस्प्लनेड रोड’ असं शोधून पाहा. ब्रिटिश लायब्ररीसारख्या संग्रहांतल्या जुन्या नोंदी त्याच नावांच्या आहेत.

फोटोवर साल नसेल, तर रस्ता नीट न्याहाळा. घोड्यांची ट्राम १८७४ला सुरू झाली, विजेची १९०७ला आणि शेवटची ट्राम मार्च १९६४मध्ये धावली. त्यामुळे रस्त्यावरची एक साधी ट्रामही काळाचा अंदाज देते. राजाबाई टॉवर पूर्ण दिसतोय? मग फोटो १८७८च्या आधीचा नाही.

आणि घरचे अल्बम विसरू नका! लग्नाच्या वरातीमागे अख्खी गल्ली उभी असते, पाट्यांसकट.