कोर्टाचा घटस्फोट चर्चला का चालत नाही? आणि चर्चचा निकाल कोर्टाला?

कोर्टातून घटस्फोट मिळाला, दुसरं स्थळही ठरलं. पण लग्नाची तारीख घ्यायला फादरांकडे गेल्यावर कळतं की चर्चच्या लेखी पहिलं लग्न अजून कायम आहे. कॅथलिक घरांत ही अडचण नवी नाही. गोंधळाचं मूळ बायबलच्या एका संवादात आहे.

बायबल काय सांगतं?

परूशी येशूला विचारतात, पुरुषाने बायकोला सोडावं का? प्रश्न अडचणीत आणण्यासाठीच होता. मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्राची सोय होती आणि ते लिहून देणारा पुरुषच असे. येशू मोशेच्याही मागे, थेट उत्पत्तीच्या पुस्तकाकडे जातो. स्त्री-पुरुष एक होतात, ही गाठ देवाने बांधलेली आहे. मोशेने सूट दिली ती लोकांच्या कठोर मनामुळे, असं तो म्हणतो.

मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय 10) याला अपवाद नाही. मत्तयमध्ये (अध्याय 19) मात्र व्यभिचाराचा अपवाद येतो. या एका वाक्यांशावरून चर्चेस वेगळ्या वाटांनी गेली. बहुतेक प्रोटेस्टंट चर्चेस घटस्फोट आणि पुनर्विवाह काही कारणांसाठी मान्य करतात, ऑर्थोडॉक्स चर्चही काही प्रसंगी दुसऱ्या लग्नाला परवानगी देतं. कॅथलिक चर्च मात्र वैध आणि पूर्ण झालेला विवाहसंस्कार मोडू शकत नाही, या भूमिकेवर ठाम आहे.

ही शिकवण पहिल्या श्रोत्यांनाही जड गेली होती. मत्तयमध्ये शिष्यच म्हणतात की असं असेल तर लग्न न केलेलंच बरं! येशूही मान्य करतो की हे सगळ्यांना पेलणार नाही.

मग 'अ‍ॅनलमेंट' म्हणजे काय?

तो चर्चचा घटस्फोट नव्हे. घटस्फोटात झालेलं लग्न संपतं. इथे प्रश्न असतो तो मुळात लग्न वैधपणे झालं होतं का, हा. जबरदस्ती, मोठी फसवणूक किंवा लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमताच नसणं, अशी कारणं तपासली जातात. धर्मप्रांताच्या न्यायमंडळात एक अधिकारी फक्त लग्नाच्या बाजूने मुद्दे मांडायलाच नेमलेला असतो. पूर्वी दोन न्यायमंडळांचा निकाल सारखा लागावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ही अट काढली. निकाल रद्दबातलचा लागला, तरी अशा लग्नातली मुलं अनौरस ठरत नाहीत. आई-वडिलांना सर्वात जास्त धास्ती बहुधा याचीच असते.

कोर्टाला हा निकाल चालतो का?

नाही. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं. चर्चच्या निकालांना कायदेशीर मान्यता द्यावी, ही कर्नाटकातून आलेली याचिकाही 2017 मध्ये फेटाळली गेली. ख्रिस्ती जोडप्यांसाठी 1869 चा घटस्फोट कायदाच लागू होतो. म्हणजे केवळ चर्चचा कागद घेऊन दुसरं लग्न केलं, तर कायद्याच्या नजरेत ते द्विभार्या किंवा द्विपती प्रकरण ठरू शकतं. भारतीय न्याय संहितेत कलम 82 खाली तो गुन्हा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातला नागरी कायदा चालतो, तिथली गणितं वेगळी.

हा 1869 चा कायदाही फार काळ स्त्रियांना जाचक होता. 2001 च्या दुरुस्तीपर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र त्यासोबत क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. परस्परसंमतीचा मार्गही त्याच दुरुस्तीत आला.

घटस्फोटितांना कम्युनियन मिळत नाही?

हा सर्रास आढळणारा गैरसमज. केवळ घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही. अ‍ॅनलमेंटशिवाय दुसरं लग्न केलं की प्रश्न येतो. अशांसाठी प्रत्येक प्रकरण पाहून वाट काढावी का, यावर पोप फ्रान्सिस यांच्या 2016 च्या 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रानंतर कार्डिनलांमध्येच वाद झाला. चार कार्डिनलांनी त्यांना लेखी प्रश्नही पाठवले होते.