पाचव्या चाकाचे ओझे आणि दोन इंजिने

अमेरिकेत एखादा माणूस ‘गॅस भरून येतो’ म्हणाला, तर तो सिलिंडर आणायला निघाला असे समजू नका. तो पेट्रोल भरायला चालला आहे. तेथे पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात आणि बोलण्यात त्याचे नुसते ‘गॅस’ होते. असाच घोटाळा ‘ट्रक’ या शब्दाचा. मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीलाही तेथे ट्रकच म्हणतात. आणि हा ट्रक पाठीमागे जे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक, ओढत नेतो, ते मुळी चाक नव्हेच. ते एक चाकांवरचे बिऱ्हाड असते! स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळे त्यात. सुट्टीत प्रवासाला निघणारी कुटुंबे आणि निवृत्त झालेली कित्येक जोडपी असे बिऱ्हाड ओढत हजारो किलोमीटर फिरतात.

हे नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चार चाकी बग्गीची पुढची चाके वळावीत म्हणून आसावर एक आडवे कडे बसवलेले असे. उभी चाके चार, म्हणून हे पाचवे. आज त्याच्या जागी ट्रकच्या हौद्यात एक खाचेची जाड तबकडी असते आणि बिऱ्हाडाची खुंटी तिच्यात अडकते. आपल्या महामार्गांवर कंटेनर ओढणारे ट्रेलर दिसतात ना, त्यांचा जोडही याच जातीचा. तबकडी मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे असल्यामुळे ओझ्याचा भार आसावर सरळ पडतो. तोच जोड गाडीच्या शेपटाशी असता, तर तरफेप्रमाणे पुढची चाके उचलली गेली असती आणि सुकाणू हलके पडले असते.

असे बिऱ्हाड घेणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न येतो. ट्रक पेट्रोलचा घ्यावा की डिझेलचा? डिझेलचा ट्रक साधारण दहा हजार डॉलरने महाग असतो. मग लोक ‘मायलेज’ पाहतात. मोठे बिऱ्हाड ओढताना पेट्रोलचा ट्रक एका गॅलनला सुमारे सात मैल जातो, डिझेलचा दहाच्या आसपास. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे ३ कि.मी. आणि सव्वाचार कि.मी. हा फरक इंधनामुळे पडतो की इंजिनामुळे? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी ‘डिझेलमध्ये जास्त ताकद असते’ असे सांगून मोकळे होतात. उत्तर अगदी खोटे नाही, पण ते फार थोडे खरे आहे. आपण हिशेबच करून पाहू.

ट्रक आणि बिऱ्हाड मिळून वस्तुमान ८,००० कि.ग्रॅ. धरू. सपाट डांबरी रस्त्यावर टायर लोळण्याला जो विरोध होतो तो वजनाच्या सुमारे एक टक्का असतो. म्हणजे ८,००० × ९.८ × ०.०१, अंदाजे ७८० न्यूटन. आता हवा. बिऱ्हाड जवळपास चार मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद असते. भिंतच म्हणा ना. हवेचा विरोध घनतेच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने आणि ‘परिणामी क्षेत्रफळा’ने गुणून मिळतो. आकाराचा बोजडपणा जमेस धरून हे क्षेत्रफळ ५ चौ. मीटर घेऊ. हवेची घनता दर घनमीटरला १.२ कि.ग्रॅ. आणि वेग ताशी १०० कि.मी., म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गुणाकार येतो सुमारे २,३२० न्यूटन. दोन्ही मिळून विरोध ३,१०० न्यूटन, आणि त्यातला तीन चतुर्थांश एकट्या हवेचा! लोक बिऱ्हाडाचे वजन विचारतात. सपाट रस्त्यावर खरे म्हणजे उंची-रुंदी आधी विचारायला हवी.

३,१०० न्यूटन बलाने १०० कि.मी. अंतर कापायचे, तर कार्य ३१ कोटी जूल, म्हणजे ३१० मेगाजूल झाले. ही ऊर्जा चाकांवर लागते. इंजिन कोणतेही असो, हा आकडा बदलत नाही. फरक पडतो तो त्यापूर्वी.

पहिला फरक इंधनाचा. एक लिटर पेट्रोल जाळले तर सुमारे ३२ मेगाजूल उष्णता मिळते, एक लिटर डिझेलपासून सुमारे ३६. पण वजन करून जाळाल तर किलोला दोन्ही जवळजवळ सारखीच उष्णता देतात. डिझेल जड असते, त्याच्या एका लिटरमध्ये जास्त द्रव्य मावते, एवढेच त्याचे गुपित. हा फायदा ३६ भागिले ३२, म्हणजे १.१२५ पट.

दुसरा फरक इंजिनाचा, आणि खरी गंमत येथेच आहे. सायकलचा पंप तोंडाशी बोटाने दाबून जोराने मारून पाहा. पंपाचे टोक गरम लागते. हवा झटकन दाबली की तापते. डिझेल इंजिनात दट्ट्या हवेला सुमारे सोळा-सतरा पट दाबतो. त्यामुळे ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र हवेत इंधन बहुधा आधीच मिसळलेले असते. ते मिश्रण फार दाबले तर ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोहोचण्याआधीच भलतीकडे पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून तेथे दाब साधारण दहापटीच्या आसपास ठेवावा लागतो. आणि उष्मागतिकी सांगते की वायू जितका जास्त दाबून मग प्रसरण पावू द्याल, तितका उष्णतेचा मोठा हिस्सा कामी येतो.

रुडॉल्फ डिझेल हे जाणून होता. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली, तेव्हा कार्यक्षमता २६ टक्के भरली. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनांनाही ती गाठता येत नव्हती.

आता एक बारकावा. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. थोडी शक्ती हवी असेल तर ती जवळजवळ मिटलेली राहते, आणि दट्ट्याला अरुंद फटीतून हवा ओढण्यासाठी उगाच श्रम पडतात. डिझेलला शक्ती कमी-जास्त करण्यासाठी अशी झडप लागत नाही. इंधनाचे माप बदलले की झाले. बऱ्याच ठिकाणी हेच डिझेलच्या काटकसरीचे कारण म्हणून देतात. पण आपला ट्रक तर ओझे ओढतो आहे! झडप बरीच उघडी आहे, ते श्रम कमी झाले आहेत. मग दोघांमधले अंतर घटायला हवे. ते फारसे घटत नाही, कारण पेट्रोल इंजिनाची आता दुसरीच अडचण सुरू होते. भार वाढला की ठोके टाळण्यासाठी ठिणगी उशिरा द्यावी लागते. तप्त निकासवायूंनी भाग जळू नयेत म्हणून मिश्रणात जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल सोडावे लागते. ते जळायला नव्हे, तर बाष्प होऊन गारवा द्यायला! शिवाय शक्ती म्हणजे टॉर्क, म्हणजेच दांडा पिळण्याचा जोर, गुणिले फिरण्याचा वेग. टर्बोने हवा ठासून भरलेले डिझेल इंजिन मिनिटाला अठराशे फेऱ्यांत जे काम उरकते, त्यासाठी पेट्रोलच्या इंजिनाला पुष्कळ जास्त फेरे घ्यावे लागतात. फेरे वाढले की घर्षण वाढले.

सारे धरून ओढताना पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता २७ टक्के आणि डिझेलची ३६ टक्के मानू. मग १०० कि.मी.ला पेट्रोल ३६ लिटर लागेल, डिझेल २४ लिटर. म्हणजे लिटरला २.८ आणि ४.२ कि.मी. रस्त्यावरच्या अनुभवाशी हे बरे जुळते. फरक दीडपटीचा, पण त्यातली १.१२५ पट इंधनाच्या जडपणाची आणि १.३३ पट इंजिनाची. दोहोंचा गुणाकार दीड.

म्हणूनच लिटरचे माप येथे फसवे आहे. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ कि.ग्रॅ. कार्बन डायऑक्साइड होतो, डिझेलचा २.७ कि.ग्रॅ. आपल्या शंभर किलोमीटरांत पेट्रोलचा ट्रक सुमारे ८३ कि.ग्रॅ. सोडतो, डिझेलचा ६५. लिटरांत बचत एक तृतीयांश दिसली, हवेच्या दृष्टीने ती एक पंचमांशाहून थोडीच जास्त. शिवाय डिझेलची काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वेगळीच. त्यांच्यासाठी अमेरिकेत २००७ नंतर काजळी अडवणारी गाळणी आणि २०१० च्या सुमारापासून युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा आली. डिझेल ट्रक महाग असण्याचे तेही एक कारण.

घाटात चित्र आणखी बदलते. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून रॉकी पर्वत ओलांडतो. १९७३ साली खुला झालेला हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. शंभर मीटरला सहा मीटर चढ धरला तर केवळ चढण्यासाठी ८,००० × ९.८ × ०.०६, म्हणजे ४,७०० न्यूटन जादा लागतात. आणि तेथील हवा समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे ३० टक्के विरळ! टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती त्याच प्रमाणात उतरते. टर्बो विरळ हवाही दाबून भरतो, म्हणून डिझेलला उंचीची झळ कमी लागते. अशा वाटांनी नेहमी जाणारे लोक दहा हजार डॉलर जास्त मोजतात ते बहुधा यासाठी, इंधनाच्या बचतीसाठी नव्हे.

कारण बचतीचा हिशेब असा. अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते. समजा पेट्रोल लिटरला ९० सेंट आणि डिझेल १०५ सेंट. शंभर किलोमीटरला पेट्रोलचे ३२.४० डॉलर होतील, डिझेलचे २५.२०. वाचले ७.२० डॉलर. या गतीने दहा हजार डॉलर भरून निघायला सुमारे १,३९,००० कि.मी. बिऱ्हाड ओढावे लागेल! वर्षाला आठ हजार कि.मी. ओढणाऱ्या कुटुंबाला सतरा वर्षे.

आता वरच्या गणितात वेग ताशी ८० कि.मी. घालून पाहा. टायरांचा विरोध तोच राहील, हवेचा मात्र २,३२० वरून सुमारे १,४८० न्यूटनवर येईल. कार्यक्षमता तीच धरली, तर पेट्रोलचा ट्रक १०० कि.मी.ला साडेसव्वीस लिटरांत भागवेल. त्याचे होतात २४ डॉलरच्या आत, म्हणजे ताशी १०० कि.मी.ने धावणाऱ्या डिझेल ट्रकच्या खर्चाहूनही कमी.