दिसायला रेशीम, अंगाला सूत

गेल्या वर्षी मोठ्या लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून मी बैठकीची खोली सजवायला काढली. दिवाणावर मखमलीसारखी चकचकीत चादर, त्याच कापडाचे लोड, वर गडद तांबडे पडदे. शाळेतल्या पगारातून बाजूला टाकलेले पैसे त्यात गेले. पाहुण्यांनी खोलीचं कौतुक केलं, मीही खूश झाले. आठवडाभराने लक्षात आलं की सासूबाई दिवाणावर बसतच नाहीत. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई भर उन्हाळ्याची दुपार बोळातल्या बाजेवर काढत होती. विचारलं तर म्हणाल्या, "ये पलंग है के तवा?"

हात लावून पाहिला, तर खरंच. हिंगोलीचा मे महिना, त्यात वीज गेलेली, आणि खाली पॉलिएस्टर. हे कापड घाम शोषत नाही. अम्मांच्या पाठीवर घामोळं उठलं होतं आणि त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं. ज्या जिल्ह्याच्या शेतांत कापूस पिकतो, तिथे मी आपल्याच माणसाला प्लास्टिकच्या धाग्यावर निजवत होते.

तेव्हा मला मशरू आठवलं. हिमरूसाठी औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, नाव आहे. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणतात. मशरू हे त्याच नात्यातलं कापड, गुजरातेत पाटण आणि मांडवीकडे आजही विणलं जातं. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेलं. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी उभा धागा रेशमी आणि आडवा सुती घेतला, आणि वीण अशी बसवली की रेशीम वर तरंगतं, सूत आत राहतं. चमक बघणाऱ्याला, सूत नेसणाऱ्याला. घराचं कापड निवडायला यापेक्षा चांगला नियम मला अजून सापडलेला नाही.

मी दिवाण तसाच बदलला. बसायच्या, निजायच्या जागी जाड सुती चादर. खाली लोंबणारी झालर मात्र त्याच मखमलीची. लोडांची गोल तोंडं मखमलीची, अंग सुती. गाल टेकतो तिथे मखमल नाही.

दुकानात कापडाला "प्युअर कॉटन" म्हणतात, त्यावर जाऊ नका. कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. दुसरं, वेगवेगळी कापडं जोडून शिवायची असतील तर आधी सुती कापड रात्रभर भिजवून वाळवा. मी भिजवलं नाही. पहिल्याच धुण्यात चादर आटली, झालर तेवढीच राहिली आणि शिवणीवर चुण्या पडल्या. शिंप्याला बोलायची सोय नव्हती, चूक माझी.

पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा टांगलेल्या चादरीसारखा दिसतो. चार फुटांच्या खिडकीला ४८ इंची पन्ह्याच्या दोन पट्ट्या पुरतात. पश्चिमेच्या खिडकीला मांजरपाटाचं अस्तर लावाच. ऊन त्यावर पडतं, वरचा रंग विटत नाही, आणि मांजरपाट फार महाग नसतो.

रंगांचं म्हणाल तर एक कापड फुलाफुलांचं घ्या, त्यातलेच दोन रंग उचलून बाकीची साधी घ्या. फार तर एक बारीक रेघांचं. तीन नक्ष्या एका खोलीत भांडतात. तुकडा आणून दिवसाही पाहा आणि रात्री ट्यूबलाइटखालीही. माझा तांबडा रात्री चक्क वांगी दिसायचा.

नमाजच्या जागेसमोर मी नक्षीचा पडदा ठेवलेला नाही. चित्रांचा पडदा पैगंबरांना (स.) आवडला नाही तेव्हा हजरत आयशा (रजि.) यांनी तो कापून त्याच्या उश्या केल्या, असं हदीसमध्ये आहे. मला त्यातली काटकसरही आवडते. कापड फेकलं नाही, त्याची जागा बदलली. माझे तांबडे पडदेही असेच झालरीत आणि लोडांच्या तोंडात गेले. उरलेल्या तुकड्यांची धाकटीने शाळेच्या पट्टीपेन्सिलींची पिशवी केली.

लेकीचं तिथेच जमलं. परवा विहीणबाई आल्या तेव्हा अम्मा दिवाणावर आडव्या होत्या. उठायला लागल्या तर विहीणबाईंनी त्यांना उठू दिलं नाही. बोलता बोलता त्याही लोडाला टेकल्या, आणि जाताना मला विचारलं, ही चादर कुठून घेतलीस?