विश्लेषण : शाळेचा पट मोजून शर्यत न्याय्य होते का?

एकटी मुलगी राज्याचे सांघिक विजेतेपद मिळवू शकते का? टेक्सासमधील रोशेल या छोट्या गावातील शाळेच्या बॉनी रिचर्डसनने २००८ मध्ये ते करून दाखवले. राज्य मैदानी स्पर्धेतील मुलींच्या गटात तिच्या शाळेची ती एकमेव खेळाडू होती. उंच उडी आणि २०० मीटरमध्ये पहिली, लांब उडी आणि १०० मीटरमध्ये दुसरी, थाळीफेकीत तिसरी. दहा, आठ, सहा असे करत तिने ४२ गुण जमवले आणि पूर्ण संघ घेऊन आलेल्या शाळा मागे पडल्या. २००९ मध्येही तिने तेच केले. हे शक्य झाले याचे एक कारण तिची गुणवत्ता. दुसरे कारण असे, की रोशेलची शाळा सर्वांत कमी पटाच्या गटात होती. हे गट कसे पाडायचे, यावर अमेरिकेतील अनेक राज्यांत वाद सुरू आहे.

गट ठरतात कसे?

अमेरिकेत शालेय खेळांचे नियम प्रत्येक राज्याची संघटना ठरवते. बहुतेक ठिकाणी मुख्य निकष पटसंख्येचाच. टेक्सासमध्ये दर दोन वर्षांनी पट पाहून शाळा ‘१ए’ ते ‘६ए’ अशा सहा गटांत टाकल्या जातात. २०२४-२६ साठी १०५ पेक्षा कमी विद्यार्थ्यांची शाळा ‘१ए’मध्ये, तर २,२७५ आणि त्यापुढची ‘६ए’मध्ये. या सर्वांत वरच्या गटाला कमाल मर्यादाच नाही. त्यामुळे जेमतेम सव्वादोन हजारांची शाळा आणि पाच हजारांवर पट असलेली ॲलनसारखी शाळा एकाच गटात येतात. पट दहा-वीसने वाढला म्हणून गट बदलला, असे सीमारेषेवरच्या शाळांच्या वाट्याला येतेच.

मैदानी खेळांत पटाचा फरक किती पडतो?

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. वैयक्तिक शर्यतीत घड्याळ शाळेचा पट विचारत नाही. सांघिक गुणतालिकेचे मात्र तसे नसते. रिलेला चार चांगले धावपटू लागतात. अडथळा शर्यत, गोळाफेक, बांबू उडी अशा प्रत्येक प्रकारात कोणी तरी असावे लागते. मोठ्या शाळेकडे निवडीला शेकडो मुले असतात. लहान शाळेतला तोच मुलगा सकाळी लांब उडी मारतो आणि दुपारी ४०० मीटर धावतो.

मोठ्या शाळेतील मुलांवरही अन्याय होतो, हे सहसा बोलले जात नाही. प्रत्येक प्रकारात एका शाळेचे ठरावीकच खेळाडू उतरवता येतात. शाळेत पाचव्या क्रमांकावर असलेली धावपटू घरीच राहते. तीच मुलगी लहान शाळेत असती, तर कदाचित राज्य स्पर्धेत पदकाच्या शर्यतीत दिसली असती.

खासगी शाळांचा आक्षेप काय?

खरी ठिणगी इथे पडते. सरकारी शाळेत साधारणपणे ठरलेल्या हद्दीतील मुले येतात. खासगी शाळेला हद्द नसते, त्यामुळे तिचा पट कमी असला तरी मुले दूरवरून येऊ शकतात. इलिनॉयने यावर गणिती तोडगा काढला. हद्द नसलेल्या शाळांच्या पटाला १.६५ ने गुणायचे. म्हणजे ६०० विद्यार्थ्यांची शाळा ९९० ची धरली जाते. सतत न जिंकणाऱ्या शाळांना यातून सवलत मिळू शकते. सगळ्या खासगी शाळा काही खेळाडू गोळा करत नाहीत, त्यामुळे ही सवलत रास्तच म्हणायला हवी. पण १.६५ हा आकडा सगळ्या शाळांना सारखाच कसा लागू पडेल, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यातही नाही.

पैशाचे काय?

पट सारखा असला तरी एका शाळेकडे सिंथेटिक ट्रॅक आणि तीन प्रशिक्षक, तर दुसरीकडे मातीचे मैदान आणि बसच्या भाड्याची चिंता. मिनेसोटात शाळेचा पट धरताना मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळणाऱ्या मुलांच्या संख्येचा काही भाग वजा केला जातो. आपल्याकडच्या पोषण आहाराच्या यादीवरून शाळेचा क्रीडागट ठरावा, तसाच हा प्रकार. निकष ओबडधोबड आहे, पण मुलांची नुसती डोकी मोजण्यापेक्षा तो वस्तुस्थितीच्या जवळ जातो.

गट नसलेलेच बरे का?

कॅलिफोर्निया आणि इंडियानात राज्य स्पर्धेत गटच नाहीत. प्रत्येक प्रकारात राज्याचा एकच विजेता. त्या पदकाचे मोल मोठे, मात्र लहान गावांतील शाळांची नावे सांघिक यादीत वर येणे अवघड. न्यू जर्सीने मधला मार्ग धरला आहे. सरकारी शाळांचे पटानुसार चार गट, खासगी शाळांचे दोन. गटांच्या स्पर्धा झाल्या की त्यांतले अव्वल खेळाडू ‘मीट ऑफ चॅम्पियन्स’मध्ये एकमेकांसमोर उभे राहतात. शाळेला तिच्या बरोबरीच्यांत न्याय आणि धावपटूला सगळ्यांत वेगवान कोण याचे उत्तर, दोन्ही साधते.

महाराष्ट्रात काय पद्धत?

आपल्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. वयाचा दाखला तपासला जातो, शाळेचा पट पाहिला जात नाही. तालुक्याच्या मैदानावर चाळीस पटाची जिल्हा परिषद शाळा आणि दोन हजार पटाचे विद्यालय एकाच रेषेवर उभे राहतात.