उजनीकाठच्या आकाशातील विमाने

1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, केत्तूरसारख्या एखाद्या गावाच्या शिवारात उभे राहिले असता, रोहित पक्ष्यांच्या थव्यांहून पुष्कळ उंचावर जे चिमुकले विमान कधीकधी घिरट्या घालताना दिसते, ते बहुधा बारामतीच्या धावपट्टीवरून वैमानिकविद्या शिकणाऱ्या उमेदवाराचे असते.

प्रवासी विमानसेवेचा मान मात्र सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाचा. किंगफिशरची सेवा अल्पावधीत बंद पडल्यावर ही धावपट्टी वर्षानुवर्षे मंत्र्यांच्या नि उद्योजकांच्या खासगी विमानांपुरतीच उरली. शेजारच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी उड्डाणमार्गात येते, या सबबीवरून अर्ज, हरकती आणि न्यायालयीन तारखा यांची दप्तरे फुगत गेली, आणि अखेर 15 जून 2023 रोजी ती चिमणी जमीनदोस्त करण्यात आली. उजनीच्या पाण्याने ज्या जिल्ह्यात ऊस फोफावला, तेथे उसाच्याच कारखान्याने विमानाची वाट अडवावी, हा योग मला मोठा मार्मिक वाटतो.

पुढे 9 जून 2025 रोजी फ्लाय91 कंपनीचे विमान गोव्याकडे झेपावले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टार एअरने मुंबईची वाट मोकळी केली. गोव्याला जाणारे एटीआर हे पंख्यांचे विमान आखूड धावपट्टीवरही सुखेनैव उतरते, म्हणून अशा विमानतळांना तेच सोयीचे.

टेंभुर्णी-करमाळ्याकडील प्रवाशांना एवढीच विनंती, की ही वेळापत्रके वरचेवर बदलतात. सबब आगाऊ खातरजमा करूनच घर सोडावे.