सिकलसेल आणि मूलपेशी : आशा मोठी, वाट लांबची

नागपूरच्या दक्षिण वेशीवरील बेसा असो की गडचिरोलीतील दुर्गम पाडा, सिकलसेल हे नाव विदर्भाला नवे नाही. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातील एका अक्षराच्या चुकीमुळे रक्तातील गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

हा आजार मुळापासून बरा करण्याचा प्रस्थापित मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. मात्र सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. मग रुग्णाच्याच शरीरातून निरोगी रक्तपेशी तयार करता येतील काय?

या प्रश्नाला बळ मिळाले ते जपानमधील क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांच्या संशोधनामुळे. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या सामान्य पेशीत केवळ चार जनुके घालून तिला जणू भ्रूणावस्थेत परत नेले. २००७ मध्ये मानवी पेशींबाबतही हे साध्य झाले. अशा पेशींना ‘आयपीएस’ पेशी म्हणतात. त्यांच्यापासून हृदय, मेंदू, रक्त अशा कोणत्याही प्रकारच्या पेशी घडविता येतात आणि त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत नाही. यामानाका यांना २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग २००७ मध्येच अमेरिकेत झाला. सिकलसेलग्रस्त उंदराच्या त्वचेच्या पेशींपासून आयपीएस पेशी तयार करण्यात आल्या, त्यांतील सदोष जनुक दुरुस्त करण्यात आले आणि त्यांपासून बनविलेल्या रक्तपेशी उंदरांना देण्यात आल्या. उंदरांची प्रकृती सुधारली.

मग हा उपचार माणसापर्यंत का पोहोचला नाही? पहिली अडचण सुरक्षिततेची. यामानाकांच्या चार जनुकांपैकी ‘सी-मिक’चा कर्करोगाशी संबंध आहे, शिवाय अपक्व पेशी शरीरात राहून गेल्यास गाठी होऊ शकतात. २०१४ मध्ये जपानमध्ये दृष्टिपटलाच्या आजारावर आयपीएस पेशींचे पहिले प्रत्यारोपण झाले. पण दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळल्याने २०१५ मध्ये काम थांबवावे लागले. दुसरी अडचण अशी की, मज्जेत रुजून आयुष्यभर रक्त तयार करणाऱ्या अस्सल मूलपेशी प्रयोगशाळेत घडविणे कठीण आहे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना २०२४ मध्ये यात यश आले, परंतु तेही उंदरांपुरतेच. तिसरी अडचण खर्चाची.

दुसऱ्या आजारांत प्रगती दिसते. क्योटोत कंपवाताच्या सात रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. सिकलसेलवर २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेली ‘कॅसजेव्ही’ ही जनुक-संपादन पद्धती मात्र आयपीएस पेशी वापरत नाही. ती रुग्णाच्या स्वतःच्या रक्त-मूलपेशी बाहेर काढून त्यांत बदल करते. अमेरिकेतील तिची किंमत २२ लाख डॉलर आहे.

आशा आणि वास्तव यांतील या अंतरातच फसवणुकीला जागा मिळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त रक्तविकारांवरील मज्जा प्रत्यारोपणासारखे उपचार वगळता मूलपेशींचा वापर हे संशोधनच ठरते आणि ते केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येते. त्यामुळे ‘स्टेम सेलने हमखास बरे करू’ असे कोणी सांगितल्यास, ही चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे काय, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

तोपर्यंत विवाहापूर्वीची रक्ततपासणी, गर्भावस्थेतील निदान आणि हायड्रॉक्सीयुरियासारखी नियमित औषधे हेच हाताशी असलेले उपाय आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भरही तपासणी व समुपदेशनावरच आहे. प्रयोगशाळेतील पेशी उद्या रुग्णाच्या मज्जेत रुजतीलही. पण पुढच्या पिढीतील एखादे मूल या वेदनेपासून वाचविण्यासाठी आज एक साधी रक्तचाचणी पुरेशी आहे.