न पिकलेल्या भाताचे अनुदान : टेक्सासमधील व्हार्टन काउंटीच्या संदर्भात

प्रस्तावना

शेती अनुदान म्हटले की पीक, उत्पादन आणि शेतकरी हे तीन घटक गृहीत धरले जातात. अमेरिकेच्या १९९६ च्या कृषी कायद्याने यातील पहिल्या दोहोंशी अनुदानाचा संबंध तोडला. तिसऱ्या घटकाचे पुढे काय झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात टेक्सास राज्यातील व्हार्टन या भातपिकाच्या काउंटीच्या (आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकाच्या) आधारे केले आहे.

आधारक्षेत्राची संकल्पना

एखाद्या शेतावर पूर्वी किती एकर भात होता, याची नोंद म्हणजे त्या शेताचे ‘आधारक्षेत्र’. ही नोंद शेतकऱ्याच्या नव्हे, तर जमिनीच्या नावे असते. जमीन विकली तर तीही सोबत जाते. २००२ च्या कायद्याने आधारक्षेत्राच्या ८५ टक्के भागावर, ठरावीक जुन्या उताऱ्यानुसार, भातासाठी दर शंभर पौंडांस २.३५ डॉलर थेट अनुदान निश्चित केले. उदाहरणार्थ, १०० एकर आधारक्षेत्र व एकरी ५,००० पौंड उतारा धरल्यास वार्षिक रक्कम ९,९८७.५० डॉलर होते. त्या वर्षी भात पेरला की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. जमीन शेतीयोग्य राखावी आणि फळे-भाजीपाला घेऊ नये, एवढीच काय ती अट.

यामागील तर्क चुकीचा नव्हता. उत्पादनाशी निगडित अनुदानाने अतिरिक्त उत्पादन होते व जागतिक भाव कोसळतात, हा जागतिक व्यापार संघटनेतील मुख्य आक्षेप होता. (फळे-भाजीपाल्याच्या अटीमुळे हे अनुदान पूर्णतः उत्पादनमुक्त ठरत नाही, असा निर्णय ब्राझीलने दाखल केलेल्या कापूस प्रकरणात २००५ मध्ये झाला, हा भाग वेगळा.)

कूळ आणि मालक

खरा पेच खंडाच्या जमिनीवर निर्माण झाला. रोख खंड असेल तर अनुदान कसणाऱ्यास, वाट्याने असेल तर दोघांत विभागून, असा नियम होता. परंतु भात पेरण्याची सक्तीच नसल्याने मालकाला एक सोपी वाट मिळाली. कुळाला काढावे, रानात गुरे सोडावीत आणि संपूर्ण रक्कम स्वतः घ्यावी. मराठी वाचकाच्या मनात ‘कूळ’ या शब्दाबरोबर १९४८ च्या कूळकायद्याचे संरक्षण येते. टेक्सासमधील खंडकऱ्याला तसे संरक्षण नाही. त्याचा करार संपला की त्याचा हक्क संपला. भात पिकवणारा गेला, भाताचे अनुदान मात्र राहिले. भाताचे क्षेत्र घटल्याने गिरण्या, वाळवणी केंद्रे व अवजारांची दुकाने यांचाही व्यवसाय आटला. त्यांच्यासाठी कोणतेही आधारक्षेत्र नव्हते.

‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २००६ मध्ये याच काउंटीतील एल कँपो गावाचे उदाहरण देऊन, २००० पासून शेती न करणाऱ्यांना किमान १.३ अब्ज डॉलर दिले गेल्याचे प्रसिद्ध केले. २००८ च्या कायद्याने दहा एकर वा त्याहून कमी आधारक्षेत्राच्या शेतांचे अनुदान, काही अपवाद वगळता, थांबवले. हा उपाय वरवरचाच होता. मोठ्या कुरणाचा मालक त्यातून सहज सुटला.

नंतरचे बदल

२०१४ मध्ये थेट अनुदान रद्द होऊन भाव संदर्भ किमतीखाली गेल्यास भरपाई देणारी योजना आली. भातासाठी ही किंमत शंभर पौंडांस १४ डॉलर होती. २०२५ च्या कायद्याने ती १६.९० डॉलर केली. भरपाईचा पाया मात्र आधारक्षेत्रच राहिला. दरम्यान २०१२ मध्ये दुष्काळामुळे कोलोरॅडो नदीचे (टेक्सासमधील, त्याच नावाच्या मोठ्या नदीचे नव्हे) पाणी या भागातील बहुतांश भातशेतीस नाकारले गेले. पाण्याअभावी पेरणी थांबली, तरी जमिनीच्या नावावरील नोंद पुसली गेली नाही.

२००९ ते २०१७ या संपूर्ण काळात ज्या शेताचे सर्व आधारक्षेत्र गवताखाली वा पडीक होते, त्याची भरपाई २०१८ च्या कायद्याने बंद केली आणि त्याऐवजी कुरण संवर्धनासाठी एकरी १८ डॉलर देऊ केले. ही रक्कमही कुरण ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच मिळते. तेथे पूर्वी भात पिकवणाऱ्या खंडकऱ्याचा तिच्याशी काहीही संबंध नाही.